पाणी प्या, पण ‘डिटॉक्स’ म्हणू नका

मार्च उजाडला की इन्स्टावर काचेच्या बरण्या दिसायला लागतात. आत काकडीच्या चकत्या, लिंबू, पुदिना, वरून तिरपं ऊन. कॅप्शन ठरलेलं: ‘डिटॉक्स वॉटर, सात दिवसांत पोट आत!’ तेच पाणी आमच्या कॉलेजजवळच्या एका कॅफेत दीडशे रुपयांना मिळतं, बाटलीला सुतळी बांधून. त्यातले पाण्याचे किती आणि सुतळीचे किती, हे बिलात लिहिलेलं नसतं.

आधी हे डिटॉक्स प्रकरण मिटवून टाकू. आपल्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा शरीरात परत घेतात आणि नको ते लघवीवाटे बाहेर टाकतात. लिव्हरचं काम वेगळं चालूच असतं. या यंत्रणेला काकडीच्या चार चकत्यांची मदत लागत नाही. फळातली जीवनसत्त्वंही त्या पाण्यात फारशी उतरत नाहीत. उतरतो तो वास आणि जराशी चव. फळाचा फायदा हवा असेल तर सरळ फळ खा ना!

मग हे पाणी करायचंच कशाला? तर त्या वासासाठी आणि चवीसाठीच. साधं पाणी बोअर होतं म्हणून आपण कॅन्टीनमधून कोल्ड ड्रिंक उचलतो. ३०० मिली कोलामध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या खाली ठेवावी, जमलं तर २५ च्या. एका बाटलीतच २५ चा आकडा पार होतो. त्या बाटलीऐवजी पुदिन्याचं पाणी पोटात गेलं, तर माझ्या मते तेवढं यश भरपूर आहे.

आणि यात इम्पोर्टेड असं काहीच नाही. माठात वाळ्याची जुडी सोडणं, पाण्यात मोगऱ्याची दोन फुलं टाकणं हे आपल्याकडे कित्येक घरांत चालत आलंय. आजीने त्याचं रील केलं नाही, एवढाच फरक. वाळा स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून माठात टाकायचा, दर दोन-तीन दिवसांनी काढून पुन्हा धुवायचा, वाळवायचा. पाण्याला मातीसारखा गार वास येतो. आणि हो, खऱ्या वाळ्याचं पाणी हिरवंगार नसतं, तो रंग बाटलीतल्या सरबताचा. मोगरा मात्र घरच्या कुंडीतलाच घ्या. बाजारातल्या फुलांवर काय फवारलंय, सांगता येत नाही.

काकडी-लिंबाचं करायचं तर एक लिटर प्यायच्या पाण्याला अर्ध्या काकडीच्या चकत्या, लिंबाच्या तीन-चार फोडी आणि पुदिन्याची सात-आठ पानं पुरतात. पुदिना तळहातावर ठेवून एक टाळी वाजवा, वास मोकळा होतो. काकडी आधी चाखून बघा, एक कडू निघाली की सगळी बाटली कडू. लिंबाच्या फोडी तीन-चार तासांनी काढून टाका, नाहीतर सालीचा कडवटपणा उतरतो. कलिंगड टाकू नका, त्याचा लगदा होतो. त्यापेक्षा दोन आमसुलं टाका, छान गुलाबी पाणी होतं.

रील्समध्ये न सांगितलेलं असं की चिरलेलं फळ पाण्यात पडलं, की ते पाणी नाशवंत झालं. फ्रीजमध्ये ठेवून एका दिवसात संपवा. हॉस्टेलवर फ्रीज नसेल तर दोन तासांत पिऊन टाकता येईल एवढंच करा. तांब्याच्या बाटलीत लिंबू किंवा आमसूल नको, आंबटामुळे तांबं पाण्यात उतरतं. आणि लिंबाचं पाणी दिवसभर घोट-घोट पीत बसलात तर दातांचं एनॅमल झिजतं. पिऊन झालं की साध्या पाण्याने चूळ भरा.

पण समजा, बाटली भरली, बॅगेत आली, चवही मस्त. तरी ती प्यायली जाईलच असं नाही. ‘दिवसाला तीन लिटर प्या’ म्हणणाऱ्या इन्फ्लुएन्सरला आमच्याकडचं लेडीज टॉयलेट एकदा दाखवायला हवं. कडी तुटलेली, नळाला पाणी नाही, डस्टबिन भरून वाहणारा. आमच्या बॅचच्या कितीतरी मुली सकाळी घरून निघताना मुद्दाम पाणी पीत नाहीत. कॉलेज, मग क्लास, मग बस, सहा-सात तास असेच जातात. कमी पाणी पिणं आणि लघवी धरून ठेवणं, दोन्हींमुळे युरिन इन्फेक्शनचा धोका वाढतो. परीक्षेच्या दिवसांत अँटिबायोटिक घेणाऱ्या मैत्रिणी प्रत्येकीच्या ग्रुपमध्ये असतात, फक्त त्याबद्दल कुणी स्टोरी टाकत नाही.

गंमत म्हणजे नॅकची टीम येणार असली, की त्याच टॉयलेटमध्ये एका रात्रीत कडी बसते, साबण येतो, कूलरचं पाणीही गार होतं. म्हणजे हे जमतं! तेव्हा स्टुडंट कौन्सिलवाल्यांनो, पुढच्या मीटिंगला फेस्टच्या बजेटआधी चालू कूलर आणि कडी लागणारं टॉयलेट हे दोन विषय घ्या. पुदिना आम्ही घरून आणतो.