कॅमेऱ्यातला चित्रगुप्त

चाळिशी उलटलेल्या माणसाला एखादा छंद जडला, की घरातली माणसे आधी हसतात आणि मग हिशेब विचारतात. मी कॅमेरा घेतला तेव्हा आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी उरकल्या. "वर्गात तुम्हाला मागच्या बाकावरची मुले दिसत नाहीत, तुम्ही पक्षी कसले टिपणार!" असे सौभाग्यवतींचे मत पडले. ते अगदीच चुकीचे नव्हते.

पण मला गुरुबंधू चांगले मिळाले. आमच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आम्ही सातआठ हौशी माणसे जमतो. वाडा एका निवृत्त पोस्टमास्तरांचा. शिवाय एक दंतवैद्य, बँकेतल्या एक बाई, अकरावीतली एक मुलगी आणि आणखी दोनतीन मंडळी. प्रत्येकाने आपली चित्रे पडद्यावर दाखवायची आणि ती कशी काढली ते सांगायचे. हातचे काही राखायचे नाही, एवढा एकच नियम. सुगरणी लाडवाचा पाक सांगताना एखादी खूण गाळतात म्हणे. इथे तसे चालत नाही.

पोस्टमास्तर शिकले ते आग्फा क्लिक थ्रीवर. एका रोलवर १२ चित्रे, त्यामुळे बटण दाबण्याआधी दहादा पाहण्याची त्यांना सवय. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवावे, आणि फिल्मचा वेग १०० असेल तर पडदा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उघडावा, हा जुना आडाखा ते अजून तोंडपाठ सांगतात. नव्या कॅमेऱ्यालाही तो लागू पडतो. दंतवैद्यांनी मला पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरायला शिकवले. डोळा स्वच्छ आला, की शेपटी धूसर असली तरी चित्र जिवंत वाटते. (दातांच्या डॉक्टरांनी डोळ्यांचे महत्त्व सांगावे, याची गंमत मला अजून वाटते.)

एप्रिलमध्ये आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडप्याने वाटीसारखे घरटे केले. तीन पिल्ले झाली. तीनचार दिवसांची, डोळेही न उघडलेली. पण समोर एक पानांनी भरलेली डहाळी. कसाही उभा राहिलो तरी चित्रात पानेच यायची. एका शनिवारी सकाळी मी स्टुलावर चढलो आणि ती डहाळी सुतळीने गजाला बांधून टाकली. ती हलताच, आई आली असे वाटून पिल्लांनी माना उंच करून चोची उघडल्या. सात वाजून बारा मिनिटांनी मी बटण दाबले. मागे तारेवर बुलबुल ओरडत होते, ते मला ऐकू येत होते.

नंतर परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उशीर होतो म्हणून धावत निघालो. सुतळी तशीच राहिली.

दुपारी परतलो तो सौ. दारातच म्हणाली, "अहो, सकाळी कठड्यावर भारद्वाज बसला होता. आज काहीतरी चांगले कानांवर येणार." मी गॅलरीत गेलो. घरट्यावर उभे ऊन पडले होते आणि घरटे रिकामे होते. भारद्वाज शुभशकुनी खरा. पण दुसऱ्यांची पिल्ले तो आवडीने खातो. त्यानेच नेली असे मी शपथेवर सांगणार नाही, कावळेही होतेच. पण ती पाने तिथे कशासाठी होती, हे मला त्या क्षणी समजले. मी सुतळी सोडली. डहाळी आपल्या जागी परत गेली. सौ. काही बोलली नाही. तिने हसावे, असे मला प्रथमच वाटले.

आणि तरीही पुढच्या रविवारी मी ते चित्र वाड्यात नेले! खोटे कशाला सांगू, ते चित्र चांगले आले होते. "वा!" दंतवैद्य म्हणाले. "किती अंतरावरून?"

"पंधरा फूट असेल," मी म्हणालो. "दूरची भिंग लावली होती. त्यांना त्रास नको म्हणून." हे शेवटचे वाक्य कोणी विचारले नव्हते.

यंत्रावर अकरावीतली मुलगी बसली होती. तिने शिकण्याच्या हौसेने चित्राची माहिती उघडली. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, छिद्र, पडद्याचा वेग आणि भिंगाचे अंतर मुकाट्याने लिहून ठेवतो; चित्रगुप्ताची वहीच ती. "सर," ती म्हणाली, "इथे ५५ मिलिमीटर आहे. चित्र कापलेलेही नाही. मग पंधरा फुटांवरून घरटे एवढे मोठे कसे आले?"

तिला खरोखरच उत्तर हवे होते. पंधरा फुटांवरचे घरटे त्या भिंगातून सुपारीएवढे दिसले असते. मी बावीस वर्षे मुलांच्या निबंधांतली उसनी वाक्ये ओळखत आलो आहे. माझे वाक्य तिने अर्ध्या मिनिटात ओळखले होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मी सगळे सांगितले. स्टूल, सुतळी, भारद्वाज, सगळे. बाईंनी पडद्याकडे पाहणे सोडले. पोस्टमास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "घरट्याची चित्रे आता अनेक स्पर्धांत घेतच नाहीत. का, ते पोरांना आजवर मीच नीट सांगितले नव्हते." त्यांनी चहा मागवला. ते चित्र मी तिथेच पुसायला सांगितले. मुलीने माझ्याकडे दोनदा पाहून मग पुसले.

जुलैत शेजारच्या कुंपणाच्या मेंदीत बुलबुलांची ये-जा सुरू झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत, पडद्याआड, सौ.ची भांडी घासून होईपर्यंत बसत असे. मिळाले ते एकच चित्र : पाने, पाने आणि त्यांतून बाहेर आलेली लाल बुडाची शेपटी. ऑगस्टच्या रविवारी ते दाखवले. अंतर सांगितले, २०० मिलिमीटर सांगितले, सेकंदाचा २५० वा भाग सांगितला. डोळा कुठे आहे, असे दंतवैद्यांनी विचारलेच.

मुलगी हसली, आणि तरी तिने माहिती उघडून पाहिली.