पिठाची मर्यादा आणि जवळचे शिवार

दिगंबर परंपरेतील आहारविधीत पिठालाही मर्यादा सांगितलेली आहे. दळलेले पीठ पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसच ग्राह्य मानले जाते. मुनींच्या आहारासाठी लागणाऱ्या चौक्यात हा नियम आजही काटेकोरपणे पाळला जातो. रोजच्या स्वयंपाकघरात मात्र पिठाची बंद पिशवी येऊन बसली आहे. नियमाचा हेतू जीवरक्षेचा. परंतु त्याचा आणखी एक परिणाम होता, तो सहसा लक्षात येत नाही. ज्या घरात आठवड्याला दळण करावे लागते, त्या घरात धान्य अखंड असते. आणि अखंड धान्य घेणाऱ्याला ते कोणत्या गावचे, कोणत्या हंगामाचे, हे विचारता येते. पिशवीतल्या पिठाला हा प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण ठरतो. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर. नीरा डावा कालवा, त्याला पाणी पुरवणारे १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर धरण आणि इंदापूरच्या उत्तर सीमेवर पसरलेला उजनीचा जलाशय यांमुळे येथे ऊस आला आणि त्यामागोमाग कारखाने आले. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात उभारलेल्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. या उद्योगाने हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे विसरता येत नाही. पण साखरही येथलीच आहे, आणि म्हणून केवळ ‘स्थानिक’ या शब्दाने आहाराचा निवाडा होत नाही, हेही त्यातूनच कळते.

उसाला वाढीच्या काळात साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. आडसाली ऊस तर दीड वर्षापर्यंत शेतात उभा असतो. याउलट रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर बहुतांशी वाढून माघ-फाल्गुनात काढणीला येते. तिचे धान्य माणसाला आणि कडबा गुरांना. सुपे, मोरगाव या जिरायत भागांत नीरा डाव्या कालव्याचे पाणी पोचत नाही; तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार बाजरी, ज्वारी, हुलगा आणि मटकी हाच आहे. या धान्याला गिऱ्हाईक राहिले नाही, तर शेतकरी विहीर खोल करील, नाहीतर शेत पडीक ठेवील. ताटातील भाकरी आणि विहिरीची पातळी यांचा संबंध इतका जवळचा आहे.

पीठ ताजे असावे, या आग्रहाला धान्याच्या प्रकृतीचाही आधार आहे. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश अधिक असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो. दळताच हवेशी संबंध येऊन तो बिघडू लागतो आणि थोड्याच दिवसांत पीठ कडू होते. म्हणून बाजरीचे पीठ दूरवरून आणून महिनोन्महिने ठेवण्यासारखे नाही. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्यानंतर या धान्यांची आकर्षक पाकिटे बाजारात वाढली. परंतु ज्या घराजवळ गिरणी आहे आणि गिरणीजवळ शिवार आहे, त्या घराला पाकिटाची गरज नाही.

जैन स्वयंपाकाला तर कोरडवाहू धान्य-कडधान्ये विशेष मानवतात. कंदमुळे वर्ज्य, आणि चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्याही बंद. अशा वेळी हुलग्याचे शेंगोळे हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर उत्तम होतात. मोड आलेले धान्य न घेणाऱ्या घरांत मटकी भिजवून, मोड न आणता शिजवता येते. तुरीचे वरण, हरभऱ्याच्या डाळीचे पिठले आणि गरम भाकरी एवढ्यावर जेवण पुरे होते. ज्वारीच्या शेताच्या कडेने पूर्वी करडईच्या काटेरी ओळी असत आणि तिचेच तेल फोडणीला असे. त्या करडईवर नीरेपलीकडे फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने अनेक वर्षे काम केले आहे.

काही गोष्टी मात्र स्वच्छपणे सांगितल्या पाहिजेत. जवळचे म्हणजे निर्विष, असे नव्हे. इंदापूरची डाळिंबे प्रसिद्ध आहेत. पण मृग बहराच्या फळावर दमट हवेत तेल्या रोगाचे सावट असते, आणि त्यासाठी फवारण्या कराव्या लागतात. जवळ असण्याचा लाभ एवढाच, की बागायतदाराला शेवटची फवारणी कधी झाली, हे विचारता येते. जवळचे म्हणजे स्वस्त, असेही नव्हे. चांगली ज्वारी अनेकदा गव्हाहून महाग पडते. शिवाय वर्षाचे धान्य एकदम भरले आणि ते नीट वाळलेले नसले, तर पावसाळ्यात त्याला कीड लागते, आणि मग हिंसा टाळण्याच्या हेतूलाच बाधा येते.

म्हणून मार्ग मधला असावा. नवी ज्वारी बाजारात येते त्या फाल्गुन-चैत्रात ओळखीच्या शेतकऱ्याकडून वा बाजार समितीतून, गावाचे नाव विचारून, घरात खपेल तेवढीच घ्यावी. कडक उन्हात वाळवून, निवडून, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डाळींना एरंडेलाचा हात लावावा. दळण मात्र मर्यादेपुरतेच करावे. एका कुटुंबाने आठवड्यातून चार वेळा भाकरी केली, तर कालव्याचे पाणी लगेच वाचणार नाही; पण जिरायत शिवारातील एखाद्या शेतकऱ्याला पुढच्या आश्विनात ज्वारी पेरावी की नाही, याचे उत्तर अशाच घरांच्या दळणाच्या डब्यातून मिळत असते.