आधी पाल बांधा, मग तवक्कुल करा

चैत्र-वैशाखात दुपारनंतर आभाळ भरून येते, वावटळ उठते आणि देवळ्यासारख्या गावच्या आठवडे बाजारात एकच धावपळ उडते. मनियार भावाच्या बांगड्या फुटतात, बागवानांची फळे मातीत लोळतात, कापडवाल्याचा माल भिजतो. संध्याकाळी आपण म्हणतो, ‘अल्लाहची मर्जी!’ मर्जी अल्लाहचीच, यात शंका नाही. पण मेख वीतभरच ठोकली, हा दोष कोणाचा? उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्याला हुजूर (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, हे आपण सारे जाणतो. तोच न्याय आपल्या पालालाही लागू आहे.

हिशोब साधा आहे. दहा बाय दहा फुटांच्या ताडपत्रीत ताशी 40 किलोमीटरचा वारा पुरता भरला, तर सुमारे 70 किलोचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे जवळजवळ 280 किलो होतो. तिथे चार कोपऱ्यांचे चार दगड काय पुरणार?

म्हणून मेख हात-दीड हात लांब घ्यावी आणि तिचे डोके पालापासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकावी. दोरी तिरपी व ताणलेली असावी. सैल दोरीला हिसका बसतो आणि मेख उपटते. पाऊस पडला की काळी माती मऊ होते, तेव्हा मेखा पुन्हा ठोकाव्यात. वाऱ्याकडची बाजू उघडी ठेवू नये. वारा आत शिरला की छत उचलतो. विजेच्या खांबाला दोरी कधीच बांधू नये. वादळ दिसताच माल आवरण्याआधी छत उतरवावे. घडीचा तंबू असेल तर हे अधिकच जपावे, कारण तो हलका असतो. उडालेला लोखंडी सांगाडा गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसला, तर त्याची भरपाई कुठल्याही नफ्यातून होणार नाही. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून 17 जण दगावले, हे विसरू नये.

मात्र सगळा भार दुकानदारावरच टाकणे योग्य नाही. जिथे डांबर किंवा काँक्रीट झाले, तिथे मेख ठोकायची कुठे? पाण्याने भरलेले 20 लिटरचे चार कॅन मिळून 80 किलोच होतात. बाजाराची फी घेणाऱ्यांनी जमिनीत लोखंडी कड्या पक्क्या बसवून द्याव्यात. खर्च किरकोळ आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. ही मागणी तिथे एकमुखाने, सर्व समाजांच्या विक्रेत्यांना बरोबर घेऊन मांडावी. वारा कोणाची जात विचारत नाही.

तोवर पुढच्या बाजारी माल मांडण्याआधी प्रत्येक दोरी एकदा ओढून पाहा. दुआ त्यानंतर करा.