शहराचा आढावा कोणी घ्यायचा?

शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रसंघात सप्टेंबर २०१५ मध्ये ठरली आणि ती २०३० पर्यंत गाठायची असे भारतासह सर्व सदस्य देशांनी कबूल केले. पाणी, आरोग्य, स्वच्छता, स्त्री-पुरुष समता, राहण्याजोगी शहरे, सगळे त्यात आले. देश आपापल्या प्रगतीचा आढावा राष्ट्रसंघापुढे मांडतात. पण नळाला पाणी सोडणे, कचरा उचलणे, संडास बांधणे ही कामे दिल्लीची नव्हेत, महापालिकेची आहेत. म्हणून २०१८ साली न्यूयॉर्कने आपल्या शहराचा आढावा स्वतःहून जगापुढे ठेवला. पुढे अनेक शहरांनी तसे केले. भारतात भोपाळने २०२३ मध्ये असा आढावा केला आणि त्यात गावातल्या संस्था-संघटनांनाही सामील करून घेतले.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना अशा कामात मदत करायची का, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे. काही मैत्रिणी म्हणतात, हे कागदी काम आहे, सल्लागार कंपन्या करतील. आपण मोर्चे काढावेत. त्यांचा वैताग समजतो. पण आकडे दुसऱ्याने मांडले की त्यातून आपण गायब होतो, हा अनुभव काही नवा नाही. १९९५ च्या बीजिंग परिषदेत स्त्रियांची आणि पुरुषांची आकडेवारी वेगळी मांडा ही मागणी जगभरच्या स्त्रियांनी केली होती, ती यासाठीच.

ठाण्याचेच पाहा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये राहण्यास सुलभ शहरांची यादी काढली, त्यात ठाण्याचा क्रमांक देशात सहावा लागला. त्या वेळी याच महापालिकेच्या हद्दीत दिव्याच्या लोकवस्तीजवळ शहराचा कचरा टाकला जात होता. ते डम्पिंग २०२३ साली बंद झाले. म्हणजे क्रमांक आला तेव्हा दिव्यातली बाई धूर आणि दुर्गंधी सोसतच होती. घोडबंदर रस्त्यावरचे संकुल आणि दिव्यातली चाळ यांची सरासरी काढली की चाळ दिसेनाशी होते.

कल्याणचे आधारवाडी डम्पिंग आठवा. कचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही म्हणून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देणेच थांबवले. पुढच्या वर्षी ही बंदी उठली, पण डम्पिंग बंद व्हायला २०२१ उजाडले. आजूबाजूच्या बायका वर्षानुवर्षे तक्रार करत होत्या. तरी कचरा हा शहराचा मोठा प्रश्न ठरला, तो इमारती अडल्या तेव्हा.

२०१५ मध्येच २७ गावे कल्याण-डोंबिवलीत आली. त्यानंतरही तिथल्या बायकांना पाण्यासाठी हंडा मोर्चे काढावे लागले. माणशी किती लिटर पाणी पुरवले, हा आकडा अहवालात असतो. पाणी किती वाजता येते, त्यासाठी कोण जागते, टँकरसाठी कोणाचा रोज बुडतो, हे कोणी मोजत नाही. आणि हे सोसणारी घरात बहुतेक वेळा एकच असते.

मग कामाला सुरुवात कुठून करायची? त्यासाठी न्यूयॉर्कला जायला नको. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६७-अ सांगते की आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणस्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावा. म्हणजे दरसालचा आढावा कायद्यातच आहे. मधल्या काळात तो ज्यांच्यापुढे ठेवायचा ते लोकप्रतिनिधीच नव्हते. कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि मग प्रशासकांचा कारभार चालला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. या नगरसेविकांनी अहवाल हातात आला की पहिला प्रश्न विचारावा: माझ्या प्रभागाचा आकडा कुठे आहे?

मदत आपण जरूर करावी, पण तीन अटींवर. पहिली अट, प्रत्येक आकडा प्रभागवार आणि शक्य तिथे स्त्री-पुरुष असा वेगळा मांडावा. दुसरी, आमची मोजणी अहवालात धरावी. सार्वजनिक संडास किती, एवढे पुरत नाही. बायकांसाठी किती, रात्री उघडे किती, कडी आणि दिवा आहे का, पैसे किती घेतात, हेही लिहावे. मुंबईत २०११ साली ‘राईट टू पी’ मोहिमेच्या कार्यकर्त्यांनी हेच प्रश्न हाती घेतले. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा भेद त्यामुळेच चर्चेत आला. तिसरी, अहवाल छापण्याआधी प्रभागात वाचून दाखवावा आणि लोकांचे आक्षेप त्यात नोंदवावेत. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमण्याची सोय कायद्यात आहे. त्या जागांवर कोण बसते, हे आपण विचारलेच पाहिजे.

अधिकारी एक उत्तर हमखास देतील: हे आमच्याकडे येत नाही. डोंबिवलीत २०१६ मध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन १२ माणसे मेली. २०२० मध्ये रसायनांनी रस्ता गुलाबी झाला. २०२४ मध्ये अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. कारखान्यांची जागा एमआयडीसीची, प्रदूषण नियंत्रण मंडळ वेगळे, शहर महापालिकेचे. खाती वेगळी असली तरी खिडकीच्या काचा फुटतात त्या एकाच घराच्या. आढावा शहराचा असेल तर या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम महापालिकेने करावे.

आपण आढाव्याला हातभार लावला तर नापास प्रशासनावर शिक्कामोर्तब होईल, ही भीती खरी आहे. म्हणून आपली मोजणी आपल्या नावाने वेगळी छापायची. महापालिकेने ती घेतली तर उत्तम. न घेतली तर दोन्ही अहवाल शेजारी ठेवून सभा घ्यायची. मोर्चालाही त्याने बळच येते.

मैत्रिणींनो, प्रत्येक मंडळाने, प्रत्येक बचत गटाने एक प्रभाग घ्यावा. पाण्याची वेळ, संडासाची अवस्था, कचऱ्याची गाडी आणि रस्त्यावरचे दिवे या चारच गोष्टी एक महिनाभर रोज वहीत लिहाव्यात. मे महिन्यात वह्या एकत्र करू, जूनमध्ये नगरसेविकांच्या हाती देऊ. ३१ जुलैपूर्वी आयुक्तांचा अहवाल सभागृहात येईल, तेव्हा प्रेक्षक गॅलरीत आपण वह्यांसकट हजर असले पाहिजे.