नव्या ग्रंथपालाचे वर्ष

महाविद्यालयात नव्याने रुजू होणाऱ्या ग्रंथपालास अलीकडे एकच उपदेश ऐकावा लागतो : वेळेचे नियोजन करा, म्हणजे काम हलके होईल. उपदेश गोड आहे, आणि तो करणारास फुकट पडतो हा त्याचा आणखी एक गुण! परंतु ज्याच्या वर्षाची आखणी सर्वस्वी दुसऱ्यांच्या हाती, त्याने नियोजन करावे तरी कशाचे?

निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या सोबतीने जी अभियांत्रिकीची महाविद्यालये उभी राहिली, तेथील ग्रंथपालाचे वर्ष पाहावे. पावसाळ्यात प्रवेशाच्या फेऱ्या; त्या लांबल्या की ग्रंथपेढीचे वाटपही लांबते. १२ ऑगस्टचा ग्रंथपालदिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांची प्रदर्शने त्यानेच मांडावयाची आणि अहवालही त्यानेच लिहावयाचे. हिवाळी परीक्षांची गर्दी चालू असतानाच पुढील वर्षाच्या नियतकालिकांच्या वर्गण्या भराव्या लागतात. नॅकसाठी माहितीचे तक्ते हवे असले की ते 'उद्या सकाळी'च हवे असतात. आणि मार्च! वर्षभर स्वस्थ बसलेल्या विभागांस पुस्तकांची आठवण व्हावी ती नेमकी याच महिन्यात. मग मागण्या, दरपत्रके, बिले, दाखल नोंदी यांचा डोंगर तीन आठवड्यांत उपसावयाचा. हा डोंगर वेळापत्रकाच्या अभावाने झालेला नाही; मागणीपत्र ऑगस्टात द्यावे एवढी शिस्त विभागांस कोणी लावीत नाही, म्हणून झालेला आहे.

'सुट्टीत तर तो मोकळाच असतो,' असे यावर म्हटले जाते. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. उन्हाळी परीक्षा, पुस्तकांची येणेबाकी नसल्याचे दाखले, आणि त्यानंतर कपाटन् कपाट उतरवून करावयाची ग्रंथपडताळणी हे सारे विद्यार्थी पांगल्यावरच व्हावयाचे. संगणकाने कष्ट वाचले, हेही अर्धेच खरे. देवघेव सोपी झाली खरी. परंतु पुस्तकावर पट्टी चिकटविणारा आणि विषय पाहून वर्गीकरण करणारा माणूसच लागतो.

रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवावयास सांगते. ते पुष्कळांस पाठ असते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने या गणिताच्या अध्यापकास ग्रंथपाल नेमले, तेव्हा त्यांस हे शास्त्र शिकण्यासाठी लंडनला पाठविले, हे मात्र कोणी आठवीत नाही. आमच्याकडे पदवी घेऊन आलेल्या तरुणास पहिल्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी अपुऱ्या कामाबद्दल विचारणा होते.

ज्या पट्ट्यात ही महाविद्यालये आहेत, तेथे यंत्रे दुरुस्तीसाठी ठरल्या दिवशी बंद ठेवतात, आणि एक पाळी संपली की सोडविण्यास दुसरी येते. ग्रंथालयासही एक सहायक आणि पडताळणीपुरती देवघेव बंद ठेवण्याची मोकळीक द्या, एवढेच आमचे मागणे आहे. त्यास पैसे नाहीत असे ज्या संस्थाचालकांचे म्हणणे असेल, त्यांनी गतवर्षीच्या जाहिरातींचा खर्च एकदा प्रसिद्ध करावा.