चोरीला टक्केवारीची सवलत

प्रबंध जमा करायची वेळ आली की आपल्या विद्यापीठांत एकच प्रश्न ऐकू येतो, 'किती टक्के आले?' तुम्ही नवीन काय सांगितले, पुरावे कोणते तपासले, हे नंतर. सॉफ्टवेअरने दहा टक्क्यांच्या आतला आकडा दाखवला की उमेदवार सुटला, मार्गदर्शकही सुटले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या चांगली आहे. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून खपवणे म्हणजे चौर्य. पण शिक्षा ठरते ती साम्याच्या टक्क्यांवर. १० टक्क्यांपर्यंत काहीच नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य निघाले, तर सहा महिन्यांच्या आत सुधारून आणा. ६०पर्यंत गेले, तर वर्षभर थांबा. त्याच्याही वर गेले, तरच नोंदणी रद्द. म्हणजे एक तृतीयांश प्रबंध उचललेला सापडला तरी शब्द बदलायला मुदत मिळते. चोराला मुद्देमाल रंगवून आणायला सांगण्यासारखेच हे!

मराठीत तर ही चाळणी आणखी फाटकी आहे. इंग्रजी लेखाचे किंवा उर्दू पुस्तकाचे भाषांतर करून आपले नाव घातले, तर अक्षरे जुळणार कशी? दखनी साहित्याचेच घ्या. हैदराबादच्या मोहिउद्दीन कादरी ज़ोर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हस्तलिखिते शोधण्यात, वाचण्यात आयुष्य घातले. त्यांचे निष्कर्ष नाव न घेता मराठीत आणले आणि परीक्षकाला उर्दू येत नसली, तर तेच 'मौलिक संशोधन' ठरेल. साम्य शून्य टक्के, चोरी शंभर टक्के. यात नुकसान आपलेही आहे. मूळ अभ्यासकाचे नाव पुसले की पुढच्या वाचकाची मूळ ग्रंथाकडे जाणारी वाटच बंद होते.

उपाय महागडे नाहीत. उर्दू-फार्सी साधनांवरच्या प्रबंधाला त्या भाषा जाणणारा एक तरी परीक्षक हवा. तोंडी परीक्षेत उमेदवारासमोर मूळ पान ठेवावे आणि वाचून अर्थ सांगायला लावावा. प्रबंधात चौर्य नाही, असे प्रमाणपत्र मार्गदर्शकाला नियमानेच द्यावे लागते. ते खोटे ठरले तर त्याचेही मार्गदर्शकपद जावे.

यंत्र फक्त शब्द मोजते. प्रबंध वाचण्यासाठी आपण प्राध्यापकांना पगार देतो. त्यांनी तो वाचावा, एवढीच मागणी आहे.