गॅरेजातली मांडणी: घ्यावी की ठोकावी?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे.

"विकत कशाला घेतोस? चार फळ्या नि मूठभर स्क्रू, दोन विकांतांचं काम. निम्म्या पैशात होतं!" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मी तर म्हटलं होतं, आणि म्हणूनच हा लेख.

आमचं घर अंजूरला. भिवंडीपासून फार लांब नाही. मी नोकरीपायी ठाण्यात, आईबाबा गावी. घराला लागून गॅरेज आहे, म्हणजे मूळचा यंत्रमागाचा गाळा. माग गेले, पण पिकर, शटल, बॉबिनचे खोके, रंगाचे डबे आणि माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं तिथेच राहिली. गाडी मात्र बाहेर उन्हात. गेल्या वर्षी ठरवलं की एका भिंतीला मांडणी करायची. हप्ते चालू असल्यामुळे बजेट दहा हजार. त्यावर एक पैसा नाही.

आणि मी स्वतः बनवायला घेतली.

हिशेब देतो, कारण असले सल्ले देणारे तो कधीच पूर्ण देत नाहीत. अठरा मिलिमीटर प्लायचे आठ बाय चारचे तीन शीट, ६,६०० रुपये. हातातली इलेक्ट्रिक करवत, ३,८०० (नंतर एकदाही वापरलेली नाही). स्क्रू, क्लॅम्प, प्रायमर, टेम्पो मिळून २,३००. एकूण १२,७००. आणि दोन नव्हे, अडीच विकांत. त्यात बाबांचे अडीच विकांत वेगळे. ते माझ्या वहीत शून्य रुपयांना लावलेले होते.

उभे पाट वाचवायला मी फळ्या चार-चार फुटी ठेवल्या. इथे शाळेतलं पदार्थविज्ञान झोपलं होतं. फुटामागे वजन तेवढंच ठेवून टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा लागली आणि फळ्यांनी हळूहळू पाळण्याचा आकार घेतला.

भिंतीला अँकर मारायचे राहिले होते. पैसे संपले होते, कंटाळाही आला होता. म्हटलं, पुढच्या विकांताला करू. तो विकांत यायच्या आत बाबांनी वरच्या फळीवरचा एक खोका ओढला आणि अख्खी मांडणी पुढे आली. ते वेळेवर मागे सरले. बोल्टांनी भरलेली बादली त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर आपटली. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, ही भिंतीला बांधली नव्हतीस का?"

आता तुम्ही म्हणाल, लोखंडी रॅकही न बांधता पडलाच असता. बरोबर! पडलाच असता. सव्वा फूट खोल आणि साडेसहा फूट उंच, म्हणजे खोलीच्या पाचपट उंचीची कुठलीही वस्तू भिंतीला बांधावीच लागते. माझा मुद्दा नेमका तोच आहे. जे काम जगाने आधीच उत्तम करून ठेवलंय त्यात मी सगळा वेळ, पैसा आणि उत्साह घालवला. जे माझ्याशिवाय कोणी करणार नव्हतं, म्हणजे मापं घेणं, वजनाचा अंदाज, भिंतीला बांधणं, त्यासाठी काही उरलंच नाही. ऑफिसात हेच रोज बघतो. टीम हौसेने स्वतःची लॉगिंग लायब्ररी लिहिते आणि मग टेस्टिंगला वेळ नसतो.

आणि कुठे बसून मी हा उद्योग केला? अंजुरात! आजूबाजूला माणकोली, दापोडे, राहनाळ, वळ, जिकडे बघाल तिकडे गोदामं. मुंबईची जकात चुकवायला माल हद्दीबाहेर ठेवायचा, अशी याची सुरुवात. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. या पट्ट्यात मांडणीचं शास्त्र दारोदार उभं आहे, आणि मी जालावरचे अमेरिकन व्हिडिओ बघत होतो! तिकडे मजुरी महाग, लाकूड स्वस्त, घरोघरी करवतीचं टेबल. तिकडचा हिशेब तिकडे बरोबर असेलही. आपल्याकडे तो उलटा पडतो.

स्लॉटेड अँगल, म्हणजे ओळीने भोकं असलेली ती लोखंडी पट्टी, हाही कोणा गोदामवाल्याचा शोध नाही. लंडनमध्ये छापखाना चालवणारा डिमिट्रियस कोमिनो नावाचा इंजिनिअर होता. दर वेळी नवीन मांडणी बनवायची आणि गरज बदलली की मोडून टाकायची, या प्रकाराला तो वैतागला होता. १९४७ साली त्याने 'डेक्सियन' नावाने ही पट्टी बाजारात आणली. कापा, बोल्ट लावा, नको झालं की सोडवा. 'घ्यायचं की बनवायचं' या वादाचं उत्तर त्या भोकांमध्ये आहे: भाग विकत घ्यायचे, जुळणी आपण करायची.

"पण स्वतः बनवल्याचं समाधान?" आहे ना. त्यावर संशोधनही झालंय. २०१२ साली नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली यांनी त्याला 'आयकिया परिणाम' असं नाव दिलं. लोक आपण घडवलेल्या ओबडधोबड वस्तूची किंमत तज्ज्ञाने केलेल्या वस्तूच्या जवळपास लावतात. म्हणजे माझी झोळ पडलेली मांडणी मला सुंदर का दिसत होती, ते कळलं :) समाधान हवं असेल तर जरूर बनवा. जिन्याखालचा तिरका कोपरा असेल तर बनवावंच लागेल. फक्त त्याला छंद म्हणा, बचत म्हणू नका.

शेवटी मी तीन रॅक आणले, प्रत्येकी ३,१०० रुपये. टेम्पोचे ४००. एकूण ९,७००. बाबा, मी, दोन पाने आणि चार तास. उरलेल्या दिवसात अँकर मारले.

तुम्ही घेणार असाल तर चार गोष्टी बघा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे विसरू नका. 'शंभर किलो पेलतो' असं लिहिलेलं असतं ते वजन सारखं पसरलेलं धरून, मधोमध ठेवलेल्या एका मोटारीसाठी नव्हे. कोपऱ्यातल्या तिकोनी प्लेटा वाचवू नका. चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून चांगली वीतभर वर घ्या. आपल्याकडे पाणी घरात येतं, २६ जुलै २००५ आठवा.

टॉवरात राहणाऱ्यांनो, तुमचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे: ते गॅरेज आहे का? रेरा कायद्याच्या २०१६च्या व्याख्येत गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती लागतात. खांबांमधली पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद प्रकरणात सांगितलं. ती जागा सोसायटीची. तिथे रॅक उभा करू नका, विकतचाही नको आणि घरचाही नको.

असो. करवत अजून पडून आहे. तिसऱ्या रॅकवर, खालून दुसऱ्या फळीवर. कोणाला हवी असेल तर अर्ध्या किमतीत देईन. पण कशाला हवीय ते आधी विचारीन.